जगात जर्मनी, भारतात परभणी : हक्काच्या मजुरीची गोष्ट

१/
परभणीकराला डिवचायचे असेल, तर 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' एवढे म्हणावे. उत्तर ठरलेले असते : 'जगात जर्मनी, भारतात परभणी!' थट्टेचा भाग सोडून देऊ. पण इतिहासात एक वर्ष असे आहे, ज्यात जर्मनी आणि परभणी यांची नावे खरोखरच एका पानावर लिहिता येतात. ते वर्ष १८८३. आजचा धागा त्या वर्षापासून सुरू होतो आणि गावाबाहेरच्या एखाद्या पाझर तलावापाशी संपतो. जरा लांब आहे, सवडीने वाचावा.

२/
१८८३ साली जर्मनीत बिस्मार्कने कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. १८८४ मध्ये अपघात विमा आला, १८८९ मध्ये वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन. बिस्मार्क काही दयाळूपणासाठी प्रसिद्ध नव्हता. समाजवाद्यांकडे चाललेला कामगार राज्याच्या बाजूने वळवावा, हा त्याचा हिशेब होता. पण त्या हिशेबातून एक नवी कल्पना जन्माला आली : माणूस आजारी पडला, अपंग झाला किंवा म्हातारा झाला, तर त्याला मिळणारे पैसे ही भीक नव्हे, तो त्याचा हक्क.

३/
त्याच १८८३ साली हिंदुस्थान सरकारने 'दुष्काळ संहिते'चा मसुदा प्रांतांना धाडला. जर्मनीतील कायदा विचारत होता, 'कोण आजारी आहे?' आपल्याकडील संहिता विचारत होती, 'कोण उपासमारीने मरण्याच्या बेतात आहे?' जो खरोखर गरजू असेल तोच उन्हात खडी फोडायला येईल, म्हणून कठोर श्रम हीच गरजेची कसोटी मानली गेली. कामावर आलेल्याला जेमतेम जगण्यापुरती मजुरी, आणि पाऊस पडला की काम बंद. त्या काळाच्या मानाने ही सुधारणाच होती, हे मान्य करायला हवे. कारण तिच्यापूर्वी जे घडले ते याहून भयंकर होते.

४/
१८७६ ते १८७८ चा दुष्काळ. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर थोडे रोख पैसे, इतकी खाली आणली. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला! मुंबई इलाख्यात १८७७ च्या जानेवारीत हजारो मजुरांनी या मजुरीवर आणि गावापासून दूरच्या छावण्यांत जाण्यावर बहिष्कार टाकला. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. सभेचे प्राण असलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्या धामधुमीत अग्रभागी होते. उपाशी माणसे काम सोडून जातात आणि सरकारला अटी घालतात, हे इंग्रज अधिकाऱ्यांच्या आकलनापलीकडचे होते. माझ्या मते रोजगार हमीच्या इतिहासाचे पहिले पान १९७२ चे नाही, ते हे आहे.

५/
परभणी मात्र इंग्रजी मुलखात नव्हती. ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १८९९-१९०० चा दुष्काळ मराठवाड्यावर कोसळला. संस्थानातही दुष्काळी कामे निघाली, पण ती किती अपुरी पडली याची साक्ष जनगणना देते. १८९१ मध्ये परभणी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे आठ लाख होती. १९०१ मध्ये ती साडेसहा लाखांच्याही आत आली. वाढ सोडाच, दर पाच माणसांमागे जवळपास एक माणूस कागदावरून नाहीसा झाला. त्यांतील काही देशोधडीला लागले असतील, काही पटकीने गेले असतील, उरलेले भुकेने. जनगणनेच्या रकान्यात हे तीन प्रकार वेगळे दिसत नाहीत.

६/
पुढची पन्नास वर्षे वेगाने ओलांडू. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. एक खबरदारी : जुन्या नोंदींतला 'परभणी जिल्हा' आजच्यापेक्षा बराच मोठा आहे. हिंगोली, कळमनुरी, वसमत हे तालुके त्यात होते (हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला), आणि आज जालन्यात असलेले परतूरही होते. आकडे ताडून पाहताना हे विसरले की गोंधळ ठरलेला.

७/
दरम्यान संविधान आले. त्याच्या ४१ व्या अनुच्छेदात काम मिळण्याचा, आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. मात्र एक शेपूट जोडून : राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. शिवाय तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही. थोडक्यात, वचन दिले, पण तारीख घातली नाही.

८/
ती तारीख घालण्याचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांचे नाव आजच्या पिढीला फारसे ठाऊक नाही. विठ्ठल सखाराम पागे, सांगली जिल्ह्यातील गांधीवादी कार्यकर्ते, १९६० ते १९७८ इतका दीर्घकाळ महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती. सभापतीचे आसन हे वाद ऐकण्याचे ठिकाण, योजना आखण्याचे नव्हे; पण पागे यांना एक प्रश्न स्वस्थ बसू देत नव्हता. धरणे होत होती, कारखाने उभे राहत होते, पण ज्याच्याकडे जमीन नाही आणि कौशल्यही नाही, त्याच्या घरात त्यातले काय जाते? त्यांचे उत्तर सरळ होते : जो काम मागेल त्याला काम द्यावे आणि त्या कामातून गावाची जमीन-पाणी सुधारावे. १९६० च्या दशकात तासगाव तालुक्यातील विसापूर परिसरात हा प्रयोग करून पाहण्यात आला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी तो उचलून धरला.

९/
अर्थशास्त्राच्या बाजूनेही जमीन तयार होत होती. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा 'भारतातील दारिद्र्य' हा गाजलेला अभ्यास १९७१ चा. सगळ्यांना पुरेल एवढी जमीन वाटपाला नाही, म्हणून दारिद्र्याचा प्रश्न सार्वजनिक कामांतून, मजुरीच्या रूपाने सोडवावा लागेल, हा त्यांचा निष्कर्ष. त्यावर टीका पुष्कळ झाली. पण एक वर्षही उलटले नाही तोच त्या कल्पनेची परीक्षा निसर्गानेच घेतली.

१०/
१९७२. त्या वर्षीच्या १८ मे रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. मे महिन्यातच राज्याने रोजगार हमी योजना सुरू केली होती. आणि जूनमध्ये पाऊस आलाच नाही. त्याआधीची दोन वर्षेही अनेक जिल्ह्यांना कोरडीच गेली होती, त्यामुळे कणगीत शिल्लक नव्हती आणि विहिरींना पाणी नव्हते. शेतीविद्येचे नवे पीठ एका बाजूला आणि पेरलेले न उगवलेले रान दुसऱ्या बाजूला, अशी त्या वर्षीची परभणी. नवी योजना बाजूला ठेवून सरकारला आधी दुष्काळी कामे काढावी लागली.

११/
'बहात्तरचा दुष्काळ' म्हणताच घरातील वृद्ध माणसे तीन गोष्टी सांगतात : खडी, मिलो आणि सुकडी. खडी म्हणजे रस्त्याच्या कडेला बसून हातोडीने फोडलेली. तिचे माप ब्रासमध्ये. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. भाकरी थापली तर तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. सुकडी म्हणजे कामावर वाटला जाणारा पौष्टिक खाऊ, जो मुले ओंजळीत घेऊन खात. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, शेताचे बांध, अशी कामे गावोगाव निघाली. टिकाव, फावडे, घमेले, बस्स. मे १९७३ मध्ये राज्यभर या कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या जवळ पोहोचली. १९७१ च्या जनगणनेत राज्याची एकूण लोकसंख्या सुमारे पाच कोटी होती. म्हणजे तान्ही बाळे आणि मुंबईचे शेठ धरूनही दर दहा माणसांतील एक माणूस सरकारी कामावर माती वाहत होता.

१२/
येथे थोडे थांबू, कारण या धाग्याचा गाभा येथे आहे. त्याच सुमारास आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यात आणि इथिओपियाच्या वोलो प्रांतात दुष्काळ पडला आणि माणसे मोठ्या संख्येने भुकेने मेली. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी महाराष्ट्राच्या या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून पुढे आलेली गोष्ट चकित करणारी आहे : दरडोई धान्याची उपलब्धता महाराष्ट्रात साहेलपेक्षाही कमी होती. तरीही येथे १८९९ सारखे मरण आले नाही.

१३/
का? रेशनचे धान्य पुरेसे पोहोचले म्हणून नव्हे; ते अपुरेच होते. कारण असे की मजुराच्या हातात दर आठवड्या-पंधरवड्याला रोख पैसे पडत होते. ज्याच्या हातात पैसा आहे त्याच्याकडे धान्य आपोआप चालत येते. व्यापारी ते आणतो, गरज पडली तर जिल्हाबंदी आणि राज्यबंदी चुकवूनही आणतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळावरील आपल्या ग्रंथात हेच तत्त्व मांडले : माणूस मरतो तो धान्य नसल्यामुळे नव्हे, ते मिळवण्याचा अधिकार नसल्यामुळे. परभणीच्या बाजारात ज्वारी असू शकते आणि त्याच बाजारापासून दोन कोसांवर घरातील चूल थंड असू शकते. दोहोंमधले अंतर मजुरीने भरून निघाले.

१४/
सगळे गोडीगुलाबीने झाले असे मात्र समजू नये. मजुरी कमी, पगार उशिरा, पाणी लांब. कामांवर संप झाले, तहसीलवर मोर्चे निघाले, डाव्या आणि समाजवादी पक्षांनी मजुरांची संघटना बांधली. सार्वजनिक काकांच्या काळातला बहिष्कार शंभर वर्षांनी पुन्हा दिसला. फरक एकच : आता मोर्चातील माणसाकडे मत होते. १९७३ मध्ये पाऊस आला आणि दुष्काळी कामे आटोपती घेण्याची वेळ झाली, तेव्हा प्रश्न उभा राहिला. ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्यासाठी तर दर वर्षीचा एप्रिल-मे हा दुष्काळच असतो. मग हमी केवळ आकाशाच्या लहरीशी का बांधायची?

१५/
म्हणून योजना पुन्हा सुरू झाली, आणि पुढे तिला पैसा व कायदा असे दोन पाय मिळाले. पैसा आला १९७५ च्या व्यवसाय कराच्या कायद्यातून. त्याच्या जोडीला मोटार वाहन करावर, विक्री करावर अधिभार, ओलिताच्या जमिनीवर विशेष आकारणी, आणि जेवढे जमेल तेवढीच भर सरकारची. कायदा झाला १९७७ मध्ये, सर्व पक्षांच्या संमतीने. राष्ट्रपतींची मान्यता मिळून तो अंमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. संविधान लागू झाल्याला त्या दिवशी बरोबर २९ वर्षे झाली होती, आणि या कायद्याच्या उद्देशिकेत ४१ व्या अनुच्छेदाचा उल्लेख आहे. न घातलेली तारीख अखेर एका राज्याने घातली.

१६/
कायदा चालायचा कसा? ग्रामीण भागातील कोणताही प्रौढ माणूस आपले नाव नोंदवी आणि 'नमुना ४' भरून काम मागे. दारिद्र्याचा दाखला नाही, जातीचा नाही, शिफारसपत्र नाही. पंधरा दिवसांत काम द्यायचे. न दिल्यास बेकारी भत्ता, दिवसाला किमान एक रुपया. काम पंचायत समितीच्या हद्दीत, साधारणतः पन्नास मजूर जमले की सुरू. खर्चाचा मोठा वाटा, किमान ६० टक्के, अकुशल मजुरीवर जायलाच हवा, म्हणजे यंत्रांना वाव नाही. कामावर सावली, पिण्याचे पाणी आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय. कोणते काम मिळेल हे मात्र मजुराने ठरवायचे नाही. आणि मजुरी दिवसावर नाही, मोजमापावर : जेवढी माती उपसली तेवढे पैसे. कामांचा आराखडा आधीच तयार ठेवायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी त्यावर देखरेख करायची. १८८३ च्या संहितेतील 'श्रमाची कसोटी' येथे शिल्लक आहे, हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल. पण दार उघडण्याची किल्ली आता जिल्हाधिकाऱ्याच्या नव्हे, मागणाऱ्याच्या हाती होती. कागदावर तरी.

१७/
आपल्यापैकी जे नुकतेच नोकरीला लागले असतील त्यांनी पगाराची पावती काढून पाहावी. 'व्यावसायिक कर' म्हणून जी दोन-अडीचशेची कपात दिसते, तिचे मूळ येथे आहे. पुण्या-मुंबईच्या कारकुनाने परभणीच्या मजुरासाठी वर्गणी काढावी, अशी ही व्यवस्था होती, आणि तिचा सर्वांत मोठा भार मुंबईने उचलला. उदात्त भावनेने? थोडेसे. खेड्यातील भुकेला माणूस गाडीत बसून दादरला उतरू नये, हाही विचार होताच. बिस्मार्कचा हिशेब आठवावा. चांगले कायदे नेहमी चांगल्याच हेतूंनी होतात असे नाही.

१८/
बड्या शेतकऱ्यांनी याला विरोध का केला नाही? विधानसभेत त्यांचे वजन मोठे होते. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या अभ्यासकांनी १९८३ मध्येच हा प्रश्न विचारला होता. उत्तर असे, की पाझर तलावाने ज्याच्या विहिरीला पाणी वाढते तो जमीनदारच असतो. रस्ता झाला की ऊस आणि कापूस त्याचाच बाहेर जातो. पावसाळ्यात ज्या काळ्या मातीत बैलगाडीची चाके रुततात, त्या परभणीकडच्या मुलखात रोहयोचा रस्ता म्हणजे काय, हे शहरी वाचकाला सहज कळणार नाही. शिवाय सुगीत सरकारी कामे कमी आणि उन्हाळ्यात जास्त, त्यामुळे मजूर हंगामाला हाताशी राहतो. मजुराला मजुरी आणि मालकाला मालमत्ता, अशी ही अलिखित वाटणी होती.

१९/
तरीही या योजनेने एक गोष्ट अशी केली, जी तिच्या जनकांच्याही मनात कदाचित पहिल्या क्रमांकावर नसेल. मोजमापावर मजुरी असल्यामुळे बाईला पुरुषाहून कमी दर देण्याचे कारण उरले नाही. शेतावर तिची मजुरी पुरुषाच्या निम्म्याच्या आसपास असायची. येथे अनेक कामांवर बायकांची संख्या निम्म्यापर्यंत, कधी त्याहूनही वर गेली. परित्यक्ता, विधवा, कर्त्या पुरुषाविना घर चालवणाऱ्या बाया, यांच्यासाठी मस्टरवरचे स्वतःचे नाव ही सरकारदरबारी झालेली पहिलीच स्वतंत्र नोंद असे.

२०/
आता उणी बाजू. बेकारी भत्ता प्रत्यक्षात क्वचितच कोणाला मिळाला. काम मागितल्याची पोचच दिली नाही की पंधरा दिवस मोजायचे कोठून? मस्टरवर मेलेल्यांची आणि नोकरदारांची नावे, मोजमापात मारलेली खोट, महिनोन् महिने थकलेली मजुरी, याच्या कहाण्या गावोगाव आहेत. १९८८ मध्ये मजुरी शेतमजुरीच्या किमान वेतनाशी जोडली गेली आणि दर साधारण दुप्पट झाले. कागदावर हा विजय होता. पण निधी त्या प्रमाणात वाढला नाही, नवी कामे निघेनात आणि मजुरांची हजेरी झपाट्याने घसरली. हमी मोडली नाही, तिची दारे अरुंद झाली. १९९० नंतर जवाहर विहिरी आणि फळबाग लागवड यांकडे योजनेचा ओघ वळला. त्याने मोसंबी आणि आंबा वाढला हे खरे, पण लाभ पुन्हा सातबारा असणाऱ्याचाच.

२१/
मग एक प्रश्न नेहमी विचारला जातो : काम मिळण्याची हमी असताना गंगाखेड, पालम, सोनपेठकडची कुटुंबे ऊसतोडीला का जातात? मला यात गूढ काही दिसत नाही. मुकादम दसऱ्याच्या आधी उचल देतो, हजारोंची, एकरकमी. सरकार काम झाल्यानंतर, माप झाल्यानंतर, बिल मंजूर झाल्यानंतर देते. मुलीचे लग्न किंवा दवाखान्याचा खर्च त्या तीन 'नंतर'ची वाट पाहत नाही. मुकादमाची उचल म्हणजे कोयत्याच्या आधी गळ्यात पडणारा दोर आहे हे त्या जोडप्याला ठाऊक असते, आणि तरीही ते ती घेतात.

२२/
दुसरी उणीव अधिक खोल आहे. ज्याच्या अंगात श्रमाचे बळच नाही, त्याला ही हमी काय देणार? म्हातारी, अपंग, दीर्घ आजारी. पागे यांच्या कल्पनेत त्यांना जागा नव्हती. ती पोकळी भरण्यासाठी १९८० मध्ये बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या काळात संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. देशपातळीवर वृद्धांना निवृत्तिवेतन देणारा सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाला. रक्कम नेहमीच तुटपुंजी राहिली. जर्मनीतील निवृत्तिवेतनाला तेव्हा १०६ वर्षे झाली होती. आशियातील इतर देश वेगळ्या दारांनी आत आले : थायलंडने २००२ पर्यंत साऱ्या नागरिकांना जवळपास मोफत दवाखाना दिला. आपण मजुरीपासून सुरुवात केली, त्यांनी आरोग्यापासून. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१२ मध्ये शिफारस केली, की आरोग्य, बालपण, कमावते वय आणि वार्धक्य या चारही टप्प्यांवर किमान आधाराची जमीन प्रत्येकाच्या पायाखाली असावी. त्यांतील तिसऱ्या टप्प्यावर महाराष्ट्र जगाच्या ३० वर्षे पुढे होता. इतर तिघांवर नव्हता.

२३/
२००५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला आणि त्याचा आदर्श म्हणून सर्वांनी महाराष्ट्राकडे बोट दाखवले. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील पहिल्या २०० जिल्ह्यांत तो लागू झाला. त्या यादीत हिंगोली होती, परभणी नव्हती. सात वर्षांपूर्वीपर्यंत जे एकच होते, त्यांतील धाकट्या भावंडाला आधी बोलावणे आले. परभणीत केंद्राचा कायदा पोहोचला १ एप्रिल २००८ ला, शेवटच्या टप्प्यात. तोपर्यंत राज्याची जुनी योजना तेथे चालूच होती, त्यामुळे 'बनी तो बनी' म्हणणाऱ्यांनी लगेच खूष होऊ नये.

२४/
आपल्या गावाबाहेर एखादा पाझर तलाव असेल, किंवा 'दुष्काळातला रस्ता' म्हणून ओळखली जाणारी वाट. तो कोणत्या वर्षी झाला आणि त्या मस्टरवर घरातील कोणाचे नाव होते, हे आजीला विचारावे. मिलोची चव विचारायला विसरू नये. उत्तरे खाली लिहावीत. तालुक्याचे नाव आवर्जून घालावे.